उलटं गेलेलं पाणी

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेली नाही. मुलाला सांगितली नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर हात जोडून उभी राहते तेव्हाही नाही — त्याला माहीत असेलच, असं म्हणून तिथेही टाळलं. चार वर्षं झाली. उद्या सकाळी मला ती एका बाईसमोर बसून सांगायची आहे, आणि सगळी, काही न गाळता, शेवटपर्यंत सांगता येते का ते आज तुमच्यासमोर बघते आहे. शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं, पोरींसमोर कधी अडखळले नाही. आज अडखळेन. सांभाळून घ्या असं म्हणणार होते — पण नको, नुसतं ऐका.

बागेपासून सुरुवात करते. बागेपासून केली की मला सोपं जातं. खरं म्हणजे म्हणूनच करू नये, पण करते.

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला. चार मजले, दोन विंगा, लिफ्ट मागाहून बसवलेली. इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये जमिनीचा एक लांबट पट्टा होता. तिथे फुटक्या लाद्या, कुणाची तरी गंजलेली सायकल, एक जुना कमोड, असला सगळा पसारा. मी रिटायर झाले. नवरा त्याआधीच गेला होता, मुलगा पुण्याला. रिकामं डोकं आणि अंगात भरपूर ताकद! सोसायटीची सेक्रेटरी झाले, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं, आणि पहिल्याच वर्षी तो पट्टा साफ करून घेतला. तगर लावली, अनंत, जास्वंद, कढीपत्ता, कोपऱ्यात गवती चहा. लोक येता-जाता म्हणायचे, कुंदाताई, झकास केलंत हं. मला ते फार आवडायचं. किती आवडायचं, हे लक्षात असू द्या. पुढे जे झालं त्याच्या मुळाशी तेच आहे.

प्रश्न होता पाण्याचा. बोअरिंगचं पाणी खारट, आठवडाभरात पानांच्या कडा करपायच्या. पालिकेचं पाणी आमच्याकडे सकाळी साडेपाचला येतं आणि आठला जातं. ते खालच्या टाकीत पडतं आणि तिथून पंपाने वर चढतं. पण इमारत जुनी, त्यामुळे तळमजल्यावरच्या दोन स्वयंपाकघरांत अजून डायरेक्ट नळ आहेत — टाकीत न जाता थेट रस्त्याच्या लाइनवरून येणारे. त्यातलं एक घर वर्षानुवर्षं बंद. दुसरं शैलाचं. ज्या पाइपातून शैलाच्या नळाला पाणी जातं, त्याच पाइपाला मी बागेसाठी फाटा काढून घेतला आणि सहा फवारे बसवले. पिण्याचं पाणी झाडांना घालू नये हे मला ठाऊक होतं. कमिटीला म्हटलं, रोज अर्धा तासच तर चालवणार.

शैला म्हणजे पोळी-भाजीवाली शैला. नवरा वारल्यावर तिने घरातूनच पोळी-भाजी सुरू केली. दारावर स्वतःच्या हाताने रंगवलेली 'घरगुती पोळी-भाजी' अशी पाटी होती, 'र'चा पाय जरा लांबलेला. आमच्या दोन्ही विंगांतली निम्मी घरं तिच्याकडून पोळ्या घ्यायची, बाहेरचीही बरीच गिऱ्हाइकं होती. तिच्या पोळ्या दुसऱ्या दिवशीसुद्धा मऊ राहायच्या. तिची मुलगी नेहा माझ्या वर्गात होती, म्हणून सगळी सोसायटी मला कुंदाताई म्हणायची आणि शैला एकटी 'बाई' म्हणायची.

फाटा काढून दिला दळवी प्लंबरने. मूळचा कणकवलीकडचा, बोलायला कमी, कामाला चोख. त्याने फाट्याच्या तोंडाशी पितळेचा एक व्हॉल्व्ह बसवला. ते लोक त्याला एनआरव्ही म्हणतात. आत एक झडप असते. पाणी पुढे जाताना ती उघडते, आणि पाणी मागे फिरायला लागलं की आपोआप मिटते. तिचं काम एवढंच, बागेकडे गेलेलं पाणी परत पिण्याच्या लाइनमध्ये येऊ द्यायचं नाही. पण आमच्याकडे पाण्याला जोर कमी. तो त्या झडपेतच खर्च व्हायचा आणि टोकाचे तीन फवारे तान्ह्या पोरासारखे नुसती लाळ गाळत बसायचे. मी दळवीला म्हटलं, काढा ती झडप.

"बाईनू, काढू नकात," तो म्हणाला. "पाणी गेला की लायन उलटी ओढता."

"दळवी, मी सायन्सची टीचर आहे. मला नका शिकवू."

हे वाक्य मी बोलले. दळवीने पाना काढला, व्हॉल्व्ह सोडवला, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि निघून गेला.

आणि खरंच, मला शिकवायची गरज होती का? सातवीला सायफन असतो. टेबलावर एक ग्लास, खाली स्टुलावर दुसरा, मध्ये रबरी नळी. पोटॅशियम परमँगनेटचे दोन खडे टाकून पाणी जांभळं करायचं, म्हणजे मागच्या बाकावरून दिसतं. नळीचं तोंड पाण्यात बुडालेलं आहे तोवर पाणी आपसूक ओढलं जातं, हात लावावा लागत नाही. पोरी टाळ्या वाजवायच्या. नेहाच्या वर्गालाही मी हे शिकवलं होतं. शिवाय हे समजायला शाळेत जायलाच लागतं असंही नाही. आपल्याकडे पाणी वेळेवर येतं आणि वेळेवर जातं, म्हणजे रोज एकदा लाइन रिकामी होते. जाताना नळ उघडा राहिला तर तो हवा आत ओढतो — सूंऽ असा आवाज येतो, तुम्हीही ऐकला असेल. हवेच्या जागी नळाला दुसरं काही लागलेलं असेल, तर तो ते ओढणार. यात न समजण्यासारखं काय आहे?

तरी नुसत्या फवाऱ्यांनी काही बिघडलं नसतं. त्यांची तोंडं उघड्यावर होती, त्यांनी हवाच ओढली असती. मी पिंप आणलं.

निळं प्लॅस्टिकचं, मोठं. त्यात शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि पाणी. चार-पाच दिवस मुरवायचं, मग पातळ करून झाडांना घालायचं. जास्वंदीला त्याने जी फुलं यायची! पण पाणी वरून सोडलं की फेस यायचा आणि वास सुटायचा. पहिल्या मजल्यावरून तक्रार आली. मग मी एक युक्ती केली. त्याच फाट्यावर बागेसाठी एक नळ होता, त्याचा पाइप घेतला, त्याच्या टोकाला वीट बांधली आणि ते टोक थेट पिंपाच्या तळाशी सोडलं. पाणी खालून हळूहळू भरायचं, मिश्रण आपोआप ढवळलं जायचं, फेस नाही, वास नाही. या युक्तीचा मला केवढा अभिमान! दुसऱ्या सोसायटीतल्या बायकांना आणून दाखवली होती मी.

कमिटीत पाटकर म्हणून एक गृहस्थ होते. ते मीटिंगमध्ये म्हणाले, "कुंदाताई, पिण्याच्या लाइनवर शेणाचं पिंप? उद्या काही झालं ना, वाट लागेल सगळ्यांची." मी म्हटलं, पाटकर, तुम्हाला तिथे स्कूटर लावायची आहे, ते सरळ सांगा ना. सगळे हसले. पाटकर खाली बसले, आणि त्या दिवसापासून बाग म्हणजे मी विरुद्ध पाटकर असं झालं.

आता त्या दिवसाकडे येते.

चैत्र होता. चैत्रगौरीचं हळदीकुंकू दरवर्षी कुणाच्या तरी घरी व्हायचं, त्या वर्षी ते बागेत करायचं ठरलं. आंब्याची डाळ आणि पन्हं शैलाकडे. आणि बाग उभी केली म्हणून माझा सत्कार, शाल-श्रीफळ वगैरे. मी वरवर नको-नको म्हटलं.

सकाळी सहा वाजता फवारे बंद करून पिंप भरायला मी नळ बारीक सोडला आणि वर गेले. संध्याकाळी नेसायची साडी काढून ठेवायची होती. एक काढली, दुसरी काढली, ब्लाउज बसेना. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. खाली गेले तेव्हा साडेआठ वाजले होते. गेटवर कळलं की रस्त्याच्या कोपऱ्यावर लाइनचं काम निघालं आहे, पाणी पावणेसातलाच गेलं, नऊला थोडा वेळ सोडणार आहेत.

मी पिंपाकडे गेले. वर जाताना ते पाऊण भरलेलं होतं. आता त्यात हातभर पाणी उरलं होतं. पिंपाच्या आजूबाजूची जमीन कोरडी ठणठणीत. पाइप जागच्या जागी, वीट तळाशी, नळ उघडा.

मला कळायला किती वेळ लागला असेल? काहीच नाही. एवढं सगळं गेलं कुठे, हा प्रश्नसुद्धा पडला नाही. इतकी वर्षं फळ्यावर जे काढत होते तेच समोर होतं. मी नळ बंद केला आणि तिथेच उभी राहिले. नऊ वाजता पाइपात खडखड आवाज झाला, पाणी आलं, आणि शैलाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून बादली भरल्याचा आवाज यायला लागला. खिडकी माझ्यापासून पंधरा पावलांवर होती. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

अकरा वाजता मी तिच्याकडे गेले. सांगायलाच गेले होते, हे खरं आहे. ते माझ्या बाजूने मोजू नका, कारण सांगितलं नाही. स्वयंपाकघरात उकडलेल्या कैरीचा आणि वेलचीचा वास भरला होता. परातीत गर काढून ठेवलेला. ओट्यावर दोन मोठी पातेली पाण्याने भरलेली, वर पांढरंशुभ्र फडकं. शैला घामाघूम, पण खुशीत होती.

"पाणी पिवळट आलं हो बाई पहिलं," ती म्हणाली. "दोन बादल्या सोडून दिल्या. मग स्वच्छ आलं, तरी गाळून घेतलंय."

लाइनचं काम झालं की पाणी पिवळं येतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शहाण्या बाईने जे करावं ते सगळं तिने केलं होतं. शेणाचं पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसलं तरी स्वच्छ नसतं, हे तिला कसं कळणार? तिला त्यात शेण आहे हेच माहीत नव्हतं. ते फक्त मला माहीत होतं.

तिने चमचाभर गर माझ्या हातावर ठेवला. "गूळ पुरे का बघा ना, बाई."

मी चाटला. म्हटलं, अजून थोडा घाल. आणि बाहेर पडले.

एक वाक्य हवं होतं. पाणी उकळून घे, शैला. बस. पिंपाचं नाव काढायची गरज नव्हती, दळवीचं नाही, झडपेचं नाही. खोटं कारणही चाललं असतं — लाइनचं काम झालंय, कशाला विषाची परीक्षा? ती लगेच गॅस पेटवायला वळली असती. मग का नाही बोलले? कारण तिने विचारलं असतं, का हो बाई, काही झालंय का? तळमजल्यावर बोललेलं चौथ्या मजल्यावर पोचायला आमच्याकडे अर्धा तास लागतो. पाटकरांच्या कानावर गेलं असतं, ते खाली येऊन पिंपात डोकावले असते, आणि संध्याकाळी माझ्या बागेत, माझ्या सत्काराला, पाटकर माझ्याकडे बघून हसले असते. एवढ्यासाठी? हो. याहून मोठं कारण मी चार वर्षं शोधते आहे आणि ते सापडत नाही. आणि मनाला समजावायला एक शब्द होता, 'बहुतेक'. दोन बादल्या सोडल्यात म्हणजे बहुतेक गेलं असेल. बहुतेक काही होणार नाही.

संध्याकाळचं आत्ता थोडक्यात सांगते. त्यातली एक गोष्ट मी मागे ठेवते आहे, विसरले असं समजू नका. ती शेवटी सांगणार आहे, कारण तीच सगळ्यात कठीण आहे. गौर झोपाळ्यात बसवली होती, ओल्या हरभऱ्याच्या ओट्या, अत्तर, गुलाबपाणी, सगळं यथासांग झालं. माझ्या खांद्यावर शाल पडली. शैला नव्या साडीत पन्ह्याचा ट्रे घेऊन स्वतः फिरत होती, आणि बायका म्हणत होत्या, काय पन्हं झालंय गं शैला, कसं केलंस?

दुसऱ्या दिवशी दुपारपासून सुरू झालं. उलट्या, जुलाब, ताप. आधी मुलं, मग बायका. प्रत्येक मजल्यावर कुणीतरी आडवं. नेहाला सलाइन लावावं लागलं. देवधर काकू ऐंशीच्या घरातल्या, त्यांना हॉस्पिटलात ठेवलं, दोन आठवडे होत्या. परत आल्या, पण त्यानंतर त्या जिना उतरून कधी खाली आल्या नाहीत. रोज संध्याकाळी अनंताखाली बसायच्या त्या, माझ्या बागेत सगळ्यात जास्त वेळ बसणारी बाई. आता खिडकीतून बघायच्या. मी खालून हात करायचे.

डॉक्टर म्हणाले, पाणी किंवा अन्न. तिसऱ्या दिवशी पालिकेचा माणूस येऊन पाण्याचा नमुना घेऊन गेला. तोवर लाइन दोनदा वाहून स्वच्छ झाली होती, नमुना चांगला आला. पाणी संशयातून सुटलं. मग उरलं कोण?

मीटिंग बोलावली गेली. शैला आली नव्हती, नेहाजवळ होती. आदल्या आठवड्यात जिच्या पोळ्यांची तारीफ करत होते तिच्याबद्दल लोक काय काय बोलायला लागले! हल्ली फार ऑर्डरी घेते, हात धुवायला तरी वेळ मिळतो का तिला? ओट्याखाली झुरळं आहेत म्हणे. कैऱ्या सडक्या असणार, स्वस्तातल्या. आणि मी? मूग गिळून बसले होते असं म्हणायची सोय नाही. मी सेक्रेटरी होते. मी ते सगळं लिहून घेत होते. पाटकर एकटे म्हणाले, "पाण्याचं नक्की बघितलंय ना?" आणि माझ्याकडे बघितलं. मी रिपोर्टचा कागद उचलून दाखवला आणि म्हटलं, पाटकर, लोक आजारी आहेत हो, आता तरी बागेचा विषय सोडा. लोकांनी त्यांनाच गप्प केलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा असतात — आणि त्या किती सोप्या असतात, हे मारणाऱ्यालाच कळतं.

ठराव झाला की सोसायटीच्या कार्यक्रमांत यापुढे घरगुती पदार्थ मागवायचे नाहीत. नोटीस मी लिहिली. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेतले सुविचार मीच लिहायचे. बोर्ड लिफ्टशेजारी, शैलाच्या दारासमोर. रोज सकाळी दार उघडलं की तिला आधी माझं अक्षर दिसायचं.

दळवीला बोलावून मी व्हॉल्व्ह परत बसवून घेतला. "आता कित्याक?" एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, आता प्रेशर बरं येतं. त्याने पिंपाकडे बघितलं, विटेकडे बघितलं, काम संपवलं, आणि पुन्हा आमच्या सोसायटीत कामाला आला नाही. पाइपाचं टोकही मी पिंपाच्या तोंडापासून वीतभर वर बांधलं. म्हणजे बघा, काय करायला हवं होतं ते सगळं मला येत होतं.

शैलाची गिऱ्हाइकं आधी आमच्या विंगेतली तुटली, मग बाहेरची. पाटी उतरली. दोन महिन्यांनी घर भाड्याने देऊन ती नेहाला घेऊन भावाजवळ बदलापूरला गेली. निरोप घ्यायला माझ्याकडे आली होती. मी चहा केला. ती कुणाबद्दल वाईट बोलली नाही. ती गेल्यावर मला काय वाटलं ते सांगायलाच हवं. मला सुटल्यासारखं वाटलं. आता रोज तिचं तोंड बघायला नको.

एवढ्यावरच राहिलं असतं कदाचित. मी अशी बाई आहे की मी ते तसंच राहू दिलं असतं. पण तीन आठवड्यांपूर्वी नेहाचा फोन आला. नोकरी लागली आहे, बाई, घरी या ना, आईला बरं वाटेल. मी गेले.

शैला फॉल-पिकोच्या दुकानात काम करते. घरी स्वयंपाक नेहा करते. मला वाटलं, शैला दमत असेल. बोलता बोलता मी म्हटलं, अगं, इथे एवढ्या नव्या इमारती झाल्यात, पोळी-भाजी सुरू कर ना पुन्हा, लोक उड्या मारतील.

"नको बाई," ती म्हणाली. "मला माझ्या हाताचीच भीती वाटते."

मला समजलं नाही. मग ती सांगायला लागली. चार वर्षं ती तो दिवस रोज मनात पहिल्यापासून जगते आहे. कैऱ्या धुतल्या होत्या का? दोनदा धुतल्या होत्या. का एकदाच? फडकं कालचं होतं का? डाव ओट्यावर ठेवला तेव्हा खाली काही होतं का? नखं कापली होती, हे आठवतं. देवधर काकूंना आपण आजारी पाडलं. पोटच्या पोरीला सलाइन लावायला लावलं. मला इतके दिवस वाटत होतं की लोकांनी तिला घालवलं. लोक तर कधीच विसरले. तिनेच स्वतःला दोषी ठरवलं होतं. ती आता कुणालाच स्वतःच्या हातचं खायला घालत नाही. माझ्यासाठी चहाही नेहाने केला.

आणि मग ती म्हणाली, "एकच गोष्ट मी धरून बसते, बाई. पहिला ग्लास तुम्हाला दिला होता. तुम्ही माझ्यासमोर प्यायलात, आणि तुम्हाला काही झालं नाही. म्हणजे सगळंच काही खराब नव्हतं ना?"

मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, अगं नाही गं. सगळं कसं खराब असेल? चहा संपवला. घरी आले.

हीच ती गोष्ट, मागे ठेवलेली. आता सांगते.

शैलाने पहिला ग्लास मला दिला, सत्कारमूर्ती म्हणून. मी हसले. ग्लास ओठांना लावला. ती ट्रे घेऊन वळली, तशी मी फुलं बघायच्या निमित्ताने तगरीजवळ गेले आणि पन्हं झाडाच्या मुळाशी ओतलं. मग रिकामा ग्लास हातात धरून परत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, अप्रतिम झालंय गं! माझ्या शेजारच्या खुर्चीत देवधर काकू होत्या. त्यांचा ग्लास संपला होता. अजून आहे का गं, त्यांनी विचारलं. मी ट्रेमधला दुसरा ग्लास उचलला आणि माझ्या हाताने त्यांना दिला.

सकाळच्या मौनाबद्दल 'बहुतेक' हा शब्द तरी होता. या ग्लासाबद्दल काय आहे? ज्या बाईला बहुतेक काही होणार नाही असं वाटतं, ती पन्हं झाडात ओतत नाही. मला पक्कं माहीत होतं. मी स्वतःला वाचवलं आणि बाकीच्यांना पिऊ दिलं.

काकू गेल्या वर्षी वारल्या. वयाने गेल्या, सगळे म्हणाले. त्यांना सांगायची वेळ माझ्या हातून गेली.

रविवारी सोसायटीची सर्वसाधारण सभा आहे. त्या मीटिंगचं वृत्त मी ज्या वहीत लिहिलं, ती वही काढून ठेवली आहे. सभेत उभी राहून मी ते पान वाचेन, आणि त्याखाली जे खरं घडलं ते वाचेन — झडप, पिंप, वीट, साडेआठ वाजता मी काय पाहिलं, अकरा वाजता काय बोलले नाही, आणि ग्लास. पाटकरांनी काय विचारलं होतं तेही वाचेन, दळवीने काय सांगितलं होतं तेही. पाटी होती त्या दारासमोरच्या बोर्डावर तोच मजकूर लागेल, माझ्या अक्षरात, माझ्या सहीने. मुलाला काल कळवलं की सभेत मला एक गोष्ट कबूल करायची आहे. तो म्हणाला, आई, कशाला आता? मी म्हटलं, ठरलंय.

पण त्याआधी उद्या शैला. तिला दुकानाला सुट्टी आहे, दहा वाजता मी येते असं कळवलं आहे. का येते ते सांगितलेलं नाही. ती मला बसायला खुर्ची देईल. मी बसायच्या आधी बोलणार आहे, कारण बसले की चहा येईल, आणि चहा आला की मी पुन्हा दुसरंच काहीतरी बोलेन, मला माझी ओळख आहे. चार वर्षं ती ज्या एका गोष्टीला धरून बसली आहे ती मी तिच्या हातातून काढून घेणार आहे. ऐकून तिने मला हाकलावं, शिव्या द्याव्यात, पोलिसांत जावं, नेहाला बोलावून माझ्यासमोर सगळं पुन्हा सांगायला लावावं, ते तिचं तिने ठरवायचं. मी काय बोलायचं ते ठरवलं आहे. आज सकाळपासून मोठ्याने म्हणते आहे, न थांबता म्हणता यावं म्हणून.

शैला, तुझं पन्हं चांगलं होतं. पाणी मी खराब केलं. मला ते सकाळीच कळलं होतं. म्हणून मी प्यायले नाही.